मोबाइलवर उतरवलेली नजर

आक्का,
पाया पडते.

आचलले कॅनडात डिप्रेशन झालं, तवा तुमी सांगतलं, लोकायले थायरॉइड सांगा, नाहीतर तुमच्या श्यामसाठी पाहिलेले पोरीवाले मागं सरतीन. तुमी तिच्या सख्ख्या आत्या, म्हणून ऐकलं. दिवाळीपासून खोटं बोलून राहिली मी.

काल तिचा व्हिडिओ कॉल आला. पोरीचं तोंड पार उतरलेलं. मले राहवलं नाही. मोबाइल पाटावर उभा केला, मीठ-मिरच्या ओवाळल्या अन् तापल्या तव्यावर टाकल्या. असा ठसका लागला मले, डोयातून पाणी! अन् तिकडे पोरगी हसली, आक्का. किती महिन्यांनी हसली!

म्हणे, "आई, हे मिरच्यायनं नाही जात. डॉक्टरच्या गोया चालू हायेत."

म्हटलं, "गोयी एकबी चुकवू नको. नजरीचं मी पाहीन."

तवापासून छाती हलकी वाटून राहिली.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. रविवारी श्यामच्या साक्षगंधाले अकोल्याले येतेच. लोक विचारतीन, आचल कशी हाये? मी खरं तेच सांगीन, सगळ्यायसमोर.

पाण्याचा गिलास जवळ ठेवा. ठसका लागन तुमाले.

तुमची भावजय,
रुख्मिणी