प्रांजलच्या चार प्रश्नांची उत्तरं

शिरूर,
१८ नोव्हेंबर

सारिकावहिनींना गिदोनचा सलाम.

पाटसला उसाच्या गाड्या सुरू झाल्या असतील, प्रांजलला शाळेत जाताना रस्त्याच्या कडेनं चालायला सांगा. घरी ग्लॅडिस बरी आहे. ती तुमची आठवण काढते, मी विषय बदलतो.

प्रांजलचा कागद मिळाला. शाळेच्या प्रकल्पासाठी तिनं चार प्रश्न पाठवलेत. खाली लिहिलंय, "पप्पा असते तर त्यांनाच विचारलं असतं." म्हणून उत्तराला तीन आठवडे लागले.

तिला सांगा, स्विस चीजची भोकं उंदीर पाडत नाहीत आणि मशीनही नाही. पनीर आम्लानं फाडतात, हे तसं नसतं. गाईच्या कोमट दुधात विरजण आणि रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा अर्क, घातलं की ते घट्ट जमतं. ते तारांनी कापायचं, ढवळत तापवायचं, साच्यात दाबायचं. तयार झालेली चीजची गोल चक्की मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची. मग काही दिवस थंडीत आणि पुढं महिनाभर उबदार खोलीत. तिथं एका जातीचे जंतू वायू सोडतात. वायूला बाहेर पडायला वाट नसते, तो आतच जागा करतो. तीच भोकं. चक्की वरून फुगते, पण कापल्याशिवाय काही दिसत नाही.

तीन प्रश्न झाले. चौथा, "पप्पा चीजला टकटक का करायचे?"

भोकं नीट पडली की नाही ते आवाजावरून कळतं. ईश्वर बोटाच्या पेरानं वाजवायचा, कान लावायचा. "गिदोनभाऊ, ह्यो बोलतोय. त्यो मुका हाय, त्याला अजून आठ दिस ठिवा." कारखान्यातल्या आठ वर्षांत त्याचा अंदाज दोनदाच चुकला. आता ते काम भारत नावाचा पोरगा करतो. तो आत असला की मी दार उघडं ठेवायला लावतो. "साहेब, ऊब जाती," म्हणून तो कुरकुरतो. तरी मी तिथून हलत नाही.

वहिनी, मार्चमधल्या त्या दुपारी ईश्वर नियम मोडून स्वतःच उबदार खोलीत गेला, असं कंपनीनं तुम्हाला कळवलं. त्या कागदावर सही माझी आहे. ते खरं नाही. जेवण अर्धवट टाकून नवा लॉट बघून ये, असं त्याला मीच सांगितलं होतं. दार आतून उघडायची मूठ जानेवारीपासून तुटलेली होती. तेही मला माहीत होतं.

त्या खोलीच्या छतावरून थंड खोलीकडं जाणारा अमोनियाचा पाईप फुटला. डोळे झोंबले आणि पॅकिंगकडं गॅस जाऊ नये म्हणून मी दार ओढून घेतलं. पॅकिंगमध्ये अठरा बायका होत्या. त्या वाचल्या, हे मी स्वतःला रोज सांगतो.

दार लागल्यावर आतून टकटक ऐकू आली. चार-पाच वेळा, फार जोरात नाही. मी मनाशी म्हटलं, ईश्वर चक्क्या वाजवतोय. गॅस सुटलेला असताना कोण चक्क्या वाजवेल, वहिनी? तरी मी तसं म्हटलं आणि पळालो. मास्क लावलेली माणसं पोचून दार उघडेपर्यंत चाळीस मिनिटं गेली.

चौकशीत विचारलं, काही आवाज आला होता का. मी नाही म्हणालो. तेव्हापासून चर्चमध्ये कुणाचं बोट बाकावर वाजलं तरी मी उठून दाराशी जातो. ग्लॅडिस विचारते, कोण आलंय?

तुम्ही अंत्यविधीला माझ्या हाताला धरून विचारलं होतं, "त्यो असा कसा गेला आत? एवढा जपून ऱ्हानारा मानूस." मी मान खाली घातली. तुम्हाला वाटलं, मी रडतोय.

काल ग्लॅडिसला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्यापाशी सांगून काय उपयोग?"

बुधवारी अकरा वाजता मी शिरूरच्या पोलीस ठाण्यात जबाब देणार आहे. तुम्ही आलात तर तुमच्या देखत देईन. आला नाहीत तरी देईन. नोकरी जाईल, पुढं आणखी काय होईल ते होवो. ईश्वरच्या नावावरचा तो ठपका पुसला गेला पाहिजे. उत्तर पाठवू नका, माफीही लिहू नका. मी ती मागत नाही.

आपला (हा शब्द खोडावासा वाटला तर खोडा),
गिदोन ओहोळ