पश्चात्तापाचा रंग

इसोहामा,
१९ नोव्हेंबर

प्रिय सावाकोताईस,

आई बरी आहे, वळचणीला मुळे वाळत घातलेत. थंडी लवकर आली. बाबांचा तुरुंगवास टळला. शिक्षा झाली, पण स्थगित.

पेपरात बाबांबद्दल छापून आल्यावर तू फोन करणं बंद केलंस, त्याचा मला राग नाही. बंदरावर ट्रक मागे घेताना त्यांच्या हातून किताणींच्या पत्नी सायोबाई गेल्या. कोर्टात विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" बाबा म्हणाले, "मला काय वाटतं ते सांगून सायोबाई उठून येणार आहेत का?" सरकारी वकील म्हणाले, पश्चात्तापाचा रंग दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तेच शब्द पेपरात. आईने मासळी आणायला जाणं सोडलं.

मग बाबा बदलले, असं मी सगळ्यांना सांगतो. तुलाही तसंच लिहिणार होतो.

ताई, मी त्यांना शिकवलं. वकिलांचा शब्द 'दिसत नाही' असाच होता ना, मग दिसलं की झालं, असं मला वाटलं. मी खुर्चीवर न्यायाधीश होऊन बसायचो आणि ते माझ्यासमोर वाकायचे. कमरेतून वाका, लगेच मान वर करू नका, आवाज थोडा बसू द्या. आपले बाबा, ताई! ते ऐकत गेले. कोर्टात सगळं तसंच केलं. न्यायाधीश म्हणाले, पश्चात्ताप खोल दिसतो.

नंतर आम्ही किताणींकडे गेलो. सायोबाईंच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावून बाबा वाकले आणि पाठ केलेलं बोलले. किताणींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"इवाओसान, ती उठून येणार आहे का, असं तुम्ही म्हणालात ना, ते मला पटलं होतं. रोज सकाळी मी स्वतःला तेच विचारतो. आज हे कुणाचं बोलताय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचं वाक्य विचारावं तसं. मी चटईकडे बघत राहिलो.

परवा ते एकटेच तिकडे गेले. येतो म्हणालो तर नको म्हणाले. संध्याकाळी परतले, डोळे सुजलेले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. तो अधिकार मला उरला नाही.

तू त्यांना फोन कर. जे म्हणतील ते म्हणू दे. चारचौघांत शोभणार नाही असं काही बोलले, तरी दुरुस्त करू नकोस.

तुझ्यासमोर यायला धजत नाही म्हणून लिहिणारा,
तोमोहारु