साडूच्या बॉनेटखालचा लाल फिल्टर

३ ऑक्टोबर, सकाळी ७
संकल्प : आजपासून साडूच्या पिकअपकडे ढुंकूनही बघायचं नाही.

मी जळत नाही. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको.

काल सासऱ्यांकडे जेवायला गेलो होतो. साडूने दारातच गाडी लावून बॉनेट उघडलं. एअर फिल्टरचा काळा डबाच गायब! त्याजागी हा एवढा चकचकीत पाइप आणि टोकाला लाल फिल्टर. कोल्ड एअर इनटेक म्हणे. इंजिनला बाहेरची थंड हवा मिळते, ताकद वाढते. शिवाय फिल्टर फेकायचा नाही, धुऊन पुन्हा वापरायचा. मग त्याने ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी गुरगुरली. सासऱ्यांनी चष्मा लावून आत वाकून पाहिलं. माझ्याकडे बघायला त्यांनी लग्नातसुद्धा चष्मा लावला नव्हता. ही म्हणाली, भावोजींना गाडीतलं किती कळतं ना!

त्याची आणि माझी पिकअप एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, रंगही पांढराच. कळायचंय काय त्यात?

४ ऑक्टोबर
काचेच्या दुकानाच्या मालकांनी आज दोघांना बोलावलं. एक नोव्हेंबरपासून वर्षभरासाठी एकच गाडी ठेवणार. आतापर्यंत मी चार वर्षं त्यांच्या काचा वाहतोय, साडू गेल्या वर्षी घुसला. (मीच ओळख करून दिली. हिच्या सांगण्यावरून. हिच्या सांगण्यावरून मी काय काय केलंय त्याची वेगळी वही लागेल.)

हे काम गेलं तर पुन्हा टेम्पो-स्टँडवर भाड्याची वाट बघत उभं राहायचं. कपाटं, गाद्या, लोकांच्या शिव्या. नाही म्हणजे नाही. काम मलाच मिळणार.

निघताना साडूने मुद्दाम गाडी गुरगुरवली. मालकांनी मान वर करून पाहिलं. मी ते पाहिलं.

५ ऑक्टोबर
मोबाइलवर तीन तास अभ्यास. गरम हवा विरळ, थंड हवा दाट. दाट हवा म्हणजे जास्त ताकद. एवढं सोपं! साडूला जमलं ते उगाच नाही.

किट मागवलं. त्याच्यापेक्षा एक साइझ मोठं. हिला सांगितलं, सर्व्हिसिंगचं सामान आहे. ती म्हणाली, भावोजींचं बघून मागवलंत ना? बायकांना हे कुठून कळतं देव जाणे.

९ ऑक्टोबर, संध्याकाळी ५
किट आलं. स्वतः बसवलं. गॅरेजवाल्याकडे जायची गरज नाही. तो आणि साडू एकत्र चहा पितात.

सगळं बसवून एक मोठा वाकवलेला पत्रा आणि दोन बोल्ट उरले. कंपनीने जास्तीचे दिलेले दिसतात. चांगली कंपनी आहे.

संध्याकाळी ७
गाडी गुरगुरते! साडूपेक्षा मोठ्याने! त्याच्या गल्लीतून तीन चकरा मारल्या. तो घरात नव्हता. तिसऱ्या चकरेला मेहुणी बाहेर आली. म्हणाली, भावोजी, गाडीला काय झालंय? सर्दी झाल्यासारखा आवाज येतोय. मग चहाला बोलावलं. गेलो नाही.

१० ऑक्टोबर
गॅरेजवाला रस्त्यात भेटला. बॉनेट उघडायला लावलं. म्हणाला, इंजिनच्या आणि फिल्टरच्या मधे एक पत्रा असतो, तो कुठाय? तो नसेल तर थंड हवा कुठली, गाडी इंजिनचीच गरम हवा ओढणार. मी म्हटलं, आमच्या मॉडेलमध्ये तो ऐच्छिक आहे. तो नुसता हसला. साडूचा माणूस.

घरी येऊन पत्रा शोधला. हिने त्यावर कुंडी ठेवली आहे. छान बसली आहे. राहू दे.

१३ ऑक्टोबर
बॉक्सवर लिहिलंय मायलेज वाढतं. माझं कमी झालंय. कारण सापडलं : आवाज ऐकायला मी पाय जास्त दाबतो. म्हणजे दोष किटचा नाही, पायाचा. पायावर लक्ष ठेवणे.

१५ ऑक्टोबर
आज एक आरसा फुटला. चार वर्षांत पहिला. चौकातून निघताना जरा जोरात उचलली गाडी, एवढंच. साडू सिग्नलला शेजारी होता, मग काय करणार? त्याच्या मागून जायचं?

मालकांना सांगितलं की पॅकिंग ढिलं होतं. ते म्हणाले, बरं. दुकानातल्या पॅकिंगवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या घरातून काही उचललं. त्याला नंतर समजावीन.

१७ ऑक्टोबर
साडू दुकानात भेटला. आपणहून विचारलं, फिल्टर धुतला का? मग सांगायला लागला : धुवायचा, पूर्ण वाळवायचा, मग तेल लावायचं, पण अगदी थोडं. हलका हात फिरवायचा आणि थांबायचं. जास्त झालं तर पुढच्या हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जातं.

आता विचार करण्यासारखी गोष्ट आहे. महिनाअखेरीला काम एकालाच मिळणार. असा कोणता माणूस समोरच्याला खरी युक्ती फुकट सांगेल? मी सांगितली असती का? मुळीच नाही. तो थोडं म्हणतोय, म्हणजे खरी गंमत भरपूर लावण्यात आहे. मी काय काल जन्मलो?

२१ ऑक्टोबर
मालकांचं फर्मान : शुक्रवारी टेकडीवरच्या नव्या हॉटेलात मोठ्या काचा पोचवायच्या. दोन्ही गाड्या. चढ सरळ उभा आहे. मालक स्वतः माझ्या गाडीत बसणार. माझ्या! साडूच्या नव्हे!

हिला सांगितलं. ती म्हणाली, नीट चालवा म्हणजे झालं, नेहमीसारखी. बायकांना स्पर्धा कळत नाही.

२२ ऑक्टोबर
फिल्टर धुतला. साबणाने, ब्रशने, मग बादलीत. कपड्यांच्या दोरीवर वाळत घातला. शेजारीण म्हणाली, हा कोणाचा टोप?

माहितीपत्रक हिने कपाटात अस्तर म्हणून घातलंय. वर साड्या आहेत. कोण उपसणार!

तेलाची बाटली अख्खी ओतली. ती बहुतेक एका वेळेसाठीच असते. फिल्टर खालून टिपकायला लागला तेव्हा थांबलो. आतून अगदी तृप्त झाल्यासारखा दिसत होता.

२३ ऑक्टोबर
डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. चढ घेताना गाडी थोडी अडखळते. तेल मुरतंय. नव्या चपलासुद्धा चार दिवस चावतात.

दिव्यावर चिकटपट्टी लावली. लक्ष विचलित व्हायला नको.

२४ ऑक्टोबर, सकाळी ७.१०
दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. गाडी पुसली. आज साडूचं तोंड बघण्यासारखं होणार. सासऱ्यांनासुद्धा कळवायला सांगितलंय हिला, चष्म्यासकट.

११.३०
टेकडीच्या अर्ध्यावर बसून लिहितोय.

पहिल्या वळणापर्यंत ठीक. मालक काहीतरी सांगत होते, आवाजामुळे मला ऐकू आलं नाही, मी नुसतं हो हो म्हणत होतो. दुसऱ्या वळणावर काळा धूर. तिसऱ्यावर गाडी धापा टाकायला लागली. पाय पूर्ण दाबला तरी बैलगाडीने मागे टाकलं असतं. मग बंद. मागे आठ काचा, शेजारी मालक, चढावर, हँडब्रेक ओढून. मालकांनी चिकटपट्टी काढून पाहिली. खाली दिवा लागलेलाच होता. पट्टी त्यांनी परत जागच्या जागी लावली. ओरडले असते तर परवडलं असतं.

साडू मागून आला. हसला नाही. मी वाट बघत होतो. चाकांना दगड लावले, काचा एकेक करून आपल्या गाडीत घेतल्या, मालकांना बसवलं आणि गेला. परत येऊन दोर बांधून मला खाली नेणार म्हणाला.

त्याची गाडी वर गेली तेव्हा आवाजच आला नाही. कान बधिर झाले असावेत माझे.

२५ ऑक्टोबर
गॅरेजवाल्याने पाइप उघडला. सेन्सर तेलाने माखलेला. त्याने स्प्रे मारून साफ केला. दहा मिनिटांचं काम. म्हणाला, साडूंनी सांगितलं नव्हतं का? मी म्हटलं, सांगितलं होतं. एवढंच म्हटलं.

साडू तिथेच होता. त्याने स्वतःचं बॉनेट उघडून दाखवलं. आत जुना काळा डबा! लाल फिल्टर त्याने दहा तारखेलाच काढला. मालक एकदा गाडीत बसले होते, आवाजामुळे त्यांना फोनवर बोलता येईना, म्हणून काढला. मला का नाही सांगितलं? तर म्हणे, मेहुणीने हिला सांगितलं होतं, आणि ही म्हणते तिने मला सांगितलं होतं, पण मी मोबाइलवर मायलेज बघत होतो. सिग्नलला तो शेजारी होता, पण शर्यतीत मी एकटाच होतो.

मग तो जे बोलला ते शब्दशः लिहून ठेवतो. म्हणाला, खरं सांगू का, मी तो पाइप तुमच्यावर जळूनच बसवला. सासरे उठता-बसता म्हणतात, धाकट्या जावयाचा हात बघा, चार वर्षांत एक काच फुटली नाही. मला वाटलं, आपल्याकडेही काहीतरी दाखवायला असावं.

माझ्यावर! जळून! साडू! घरी येताना शीळ घालत आलो. काल दोरीच्या टोकाला होतो म्हणून काय झालं? आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस. हिला तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी ती आत निघून गेली.

उद्या काळा डबा परत बसवायचा. मालकांना भेटून सगळं सांगायचं, पॅकिंगचंसुद्धा. काम माझंच. हात माझाच चांगला आहे, सासरेच म्हणतात.

२७ ऑक्टोबर
मालकांना भेटलो. आधी पॅकिंगवाल्याची माफी मागितली, त्यांच्यासमोर. मालकांनी चहा मागवला. म्हणाले, मला वेगवान गाडी कधी नकोच होती. काच वाहणाऱ्याची गाडी आली-गेली कळू नये. तशी तुमची चालायची. मी तुमचं नाव पक्कंच केलं होतं. दोघांना बोलावलं ते फक्त साडूंना तोंडावर सांगता यावं म्हणून, पण त्या दिवशी धीर झाला नाही. शुक्रवारी तुमच्या गाडीत बसलो तेही काम तुमचंच हे सांगायला. चढ चढताना तेच सांगत होतो. तुम्ही हो हो म्हणत होतात.

मग कप खाली ठेवून म्हणाले, पण या महिन्यात तुम्ही कोणी वेगळेच झालात. काच मी अशा माणसाच्या हाती देऊ शकत नाही. साडूंना सांगितलंय. ते दोनदा नाही म्हणाले, तुमचं नाव घेतलं. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.

घरी आलो. हिने ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. मी म्हटलं, मला फार वाईट वाटतंय. ती म्हणाली, मलाही.

१ नोव्हेंबर, सकाळी ९
स्टँडवर. नंबर सातवा.

साडू काचा भरून गेला. एकदम हळू, खड्ड्याआधी ब्रेक, वळणावर जवळजवळ थांबून. मी चालवायचो तसंच. माझ्याकडे बघूनच शिकला असणार. त्याने हात केला, मीही केला.

चार वर्षं ते सगळं माझ्याकडे होतं आणि मी महिनाभर त्याच्या बॉनेटमध्ये वाकून बघत बसलो. आता जळतोय. पहिल्यांदाच खरं कारण आहे.

९.४०
कपाटाचं भाडं आलं. तिसरा मजला, लिफ्ट बंद. गिऱ्हाईक म्हणतंय, जपून न्या, आत आरसा आहे.