ढोल पोचण्याआधी

प्रिय ओरीन,

तुझं अंडं कसं आहे? निळ्या रेषा उमटल्या का त्याच्यावर? उमटल्या नसतील तर ते चुलीजवळ घे आणि सारखं फिरवत राहा. तुझ्या सासूबाई म्हणतीलच, "आमच्यात अंड्याला घाई करत नाहीत हो, राजधानीची थेरं तिकडेच ठेवा!" म्हणू देत. या कानाने ऐक, त्या कानाने सोडून दे.

माझा जीव थाऱ्यावर नाही. तुझं नाव मीच कोरलं होतं, सम्राज्ञीच्या कातडीवर, डाव्या खांद्यामागे. ती झोपेत कुशीवर वळली आणि शेवटचं अक्षर वाकडं झालं. त्यावरून तू अजून मला टोमणे मारतेस. निदान ते कोरलेलं तरी आहे! तिने कात टाकली की युग संपतं आणि नवी कातडी टणक होईपर्यंत तिच्यावर काही कोरता येत नाही. त्या कच्च्या दिवसांत जे घडलं ते घडलंच नाही, जो जन्मला तो जन्मलाच नाही. आपल्या गल्लीतला तो म्हातारा आठवतो ना? त्याला ना घर मिळालं, ना बायको. पोरंसोरंसुद्धा "ए कच्च्या" म्हणून हाक मारायची. "जन्मलोच नाही तर मरणार कसा, वहिनी?" असं म्हणून तो माझ्यासमोर हसायचा.

आता खरं सांगते, घाबरू नकोस. कात सुटली आहे. आम्हा कोरणाऱ्या बायकांना तोंड उघडायची मनाई आहे. पण ज्या गावात नव्या युगाचा ढोल वाजलेला नाही, तिथे अजून जुनंच युग चालू असतं. तोवर जन्मलेल्यांची नावं उतरलेल्या कातीवर, शेपटाकडे, कोरून घेतात. तुमच्या खोऱ्याचा ढोल यंदा तुझ्या बाबांच्या गळ्यात पडला आहे. हे पत्र मासेवाल्यांच्या होडीने येतंय, म्हणजे त्यांच्या आधी पोचेल.

ते खिंडीच्या अलीकडे थांबणार आहेत. पिल्लू बाहेर आलं की छपरावर ओलं शेवाळ पेटव. धूर दिसल्याशिवाय ते ढोलाला हात लावणार नाहीत. ढोल उशिरा नेणाऱ्याचं नाव कातीवरून खरवडून काढतात, हे तुला माहीत आहे. त्यांचं नाव माझ्याच वाट्याच्या भागात आहे, म्हणजे खरवडायलाही मलाच बसवतील. मी रडले, भांडले. तर म्हणाले, "अगं, माझं जगून झालंय. त्याचं अजून सुरूही नाही." वर शेवाळाची पेज मागून प्यायले आणि निघाले. तेव्हा बाळा, जे करता येईल ते कर, आजच कर. धूर वेळेत दिसला तर दोघांचीही नावं राहतील. नाही दिसला, तरी ते तिथून हलायचे नाहीत. मी ओळखते त्यांना.

तुझीच,
धास्तावलेली आई