कपाळावरची राख

बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६, मार्गासनी

राख पुसायला हवी होती. राखेचा बुधवार, आमच्या उपासकाळाचा पहिला दिवस, म्हणून सकाळी पुण्यात चर्चला जाऊन कपाळाला राख लावून घेतली, तिथून थेट साइटवर, दिवसभर रस्त्याची मोजणी, आणि तशीच खोलीवर. घरमालकीण काकूंनी दारातच अडवलं.

"कुठल्या देवाचा गं अंगारा?"

"आमच्या गावाकडचा." खोटं. सहा महिन्यांपूर्वी खोली घेताना त्यांनी धर्म विचारला नाही, मी सांगितला नाही. साइटजवळ दुसरी खोली नाही.

"मटण केलंय, जेवाय ये."

"उपास आहे, काकू."

"बुधवारचा? मंग गणपतीचाच की!"

मी मान हलवली. हेही खोटं.

मग त्यांनी माझ्या कपाळावरची उरलेली राख बोटावर घेतली आणि सुनेला लावली. सारिकाला आठवा महिना आहे, रक्तदाब वाढलाय. तिने डोळे मिटून हात जोडले. ही राख लावताना फादर म्हणाले होते, तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील. हे तिला कसं सांगणार? राखेने काही होत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी नजर तिच्या कपाळावरून हलेना.

"बाळ सुखरूप झालं की आमी दोघी तुझ्या देवाला नारळ घेऊन येणार," काकू म्हणाल्या. "तूच न्यायचं आमाला."

मी "हो" म्हटलं.

आत्ता सारिकासाठी प्रार्थना केली, मनापासून. ती ऐकली गेली, तर नारळासकट दोघींना चर्चच्या दारात न्यावं लागेल.