सासऱ्यांची प्रार्थना

२५ डिसेंबर २००२, विश्रांतवाडी

नवरा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत, त्यामुळे सासऱ्यांपाशी मी एकटीच. सकाळी चर्चसाठी नवी साडी नेसले, तेवढ्यात त्यांनी अंथरूण ओलं केलं. साडी सोडली. चिडूनच त्यांचे पाय पुसत होते.

"बाई, आपण कोण?"

"तुमची सून, बाबा."

"आज नाताळ ना? चर्चला नाही गेलात?"

मी पाय पुसतच राहिले. त्यांनीच हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि प्रभूच्या जन्माबद्दल उपकार मानणारी प्रार्थना केली. अख्खी, न अडखळता. त्यांना मी आठवत नाही, पण प्रभू आठवतो!

नवी साडी अजून खुर्चीवरच पडलीय. प्रभू जन्मला त्या गव्हाणीपाशीही असाच वास असेल का? तरी तो तिथेच आला.

प्रार्थना संपली.

"आमेन म्हणा, बाई," ते म्हणाले.

म्हटलं. मग रडू आवरेना.