गुरुवारची चव

१७ डिसेंबर १९५३, गुरुवार

आज चव दिली. तिसरा गुरुवार. पाटी तीच: इटलीचं घरगुती जेवण, चव फुकट, कांदा-लसूण नाही. लोक पाटी वाचतात, एकमेकांना कोपर मारतात, मग द्रोण घेतात. फुकट म्हटलं की विटाळ आडवा येत नाही.

मक्याचा घाटा केला, वर टमाट्याचा रस्सा, करडईच्या तेलातला. तिकडे इटलीत असुंता ऑलिव्हचं तेल घालायची, ते जालन्यात कुठून आणू. अंबडहून कामाला आलेला एक कारकून म्हणाला, "हे तर आमच्या म्हशीचं खाणं हाय." पण द्रोण चाटूनपुसून ठेवला लेकाने.

माजी, घरमालक मदनशेठच्या आई, दाराच्या आत पाटावर बसून होत्या. ओटा त्यांचा, भांडी त्यांची, पाणीही त्यांच्याच घरचं, फडक्यातून गाळलेलं. डोळ्यांसमोर शिजलं तरच तोंडात घालीन, ही त्यांची पहिल्या दिवसाची अट. सत्तरीची जैन विधवा, बाहेरचं पाणीसुद्धा पीत नाही, आणि माझ्या हातचं परदेशी खाते. मदनशेठला आईचं हे वेड आवडत नाही. दुकानातल्या गादीवर पाठ करून बसतो.

२० डिसेंबर

शांता म्हणाली, चहा-भज्याचं बरं चाललंय की, हे फुकटचं सोंग कशाला? बायकोला काय सांगू. लढाईत, इटलीतल्या कैदेच्या छावणीतून पळालो तेव्हा असुंतानं नऊ महिने गवताच्या माळ्यावर लपवलं. भाषा येत नव्हती, म्हणून तिच्या चुलीपाशी बसून नुसते हात बघत राहायचो. जे शिकलो ते असं. शांताला एवढंच माहीत आहे. पुढचं...

परत आलो तर राजूरकडे आमच्या गावात पंगतीला मला वेगळं पान. सख्ख्या भावानं वाढलं ते लांबूनच. गोऱ्यांचं उष्टं खाल्लेला. तेव्हा इथे माजींनी ओटा दिला, म्हणाल्या, लढाईत पोट भरलं त्यात पाप कसलं. ते विसरणार नाही.

२४ डिसेंबर, गुरुवार

आज रिकोत्ता, तिकडचं ताजं पनीर. दूध तापवून लिंबू पिळायचं, फाटलं की फडक्यात बांधून टांगायचं. शांता घरी तोंड फिरवून बसली. चांगलं दूध हातानं नासवायचं, लक्ष्मीला लाथ मारायची. माजींनी मात्र लिंबू स्वतः चिरून दिलं. पोळी जाड लाटून, पट्ट्या कापून (आपल्या चकोल्यांच्याच बहिणी), त्यावर रस्सा आणि तो पांढरा गोळा कुस्करून. सब्जाची पानं वरून. तुळस टाकायला गेलो असतो तर माजींनी हात तोडला असता.

त्यांनी दोन द्रोण खाल्ले. डोळे मिटून. म्हणाल्या, "भगवान, हे जिभेवर बसून राह्यलं." असं त्या कधी बोलत नाहीत.

७ जानेवारी १९५४, गुरुवार

गर्दी. जाफराबादचे कापसाचे दलालसुद्धा. रिकोत्ता पुरला नाही. माजींनी सकाळीच निरोप धाडला होता, माझा द्रोण आधी काढ. त्यांच्या सुनेनं हसून सांगितलं, "बुधवारपास्नंच विचारून राह्यल्यात, उद्या गुरुवार ना?" मला फार बरं वाटलं. कशाचं बरं वाटलं ते आता लिहीत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. चव नाही. ओट्यावर हळदीकुंकवाच्या बायका. माजींनी तिळगूळ दिला आणि हळूच विचारलं, पुढच्या गुरुवारी नक्की ना.

२१ जानेवारी, गुरुवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

रिकोत्ता वाटून झाला होता. वीसेक माणसं हातात द्रोण घेऊन उभी. कन्या शाळेचे देशमुख मास्तर, भला माणूस, खोडीचा नाही, त्यांनी विचारलं, "तिकडं डोंगरात बर्फ पडतो म्हणता, मंग लिंबं कुठली? दूध कशानं फाडतात?"

मी सरळ सांगितलं. म्हणालो, तिकडं ती बाई वासराच्या पोटातला वाळवलेला तुकडा टाकायची, चिमूटभर. इथं मी लिंबूच...

‘इथं मी लिंबूच’ कुणी ऐकलं नाही. पोटातला म्हटल्याबरोबर द्रोण खाली. एकजण गटारीवर ओकला. "वासरू खाऊ घातलं रं यानं आपल्याला," असं कुणीतरी म्हटलं आणि तेच खरं झालं. मास्तर ओरडून सांगत होते, लिंबू, लिंबू म्हणतोय तो. मदनशेठनं गादीवरून उठून पाटी उचलली आणि भिंतीवर आपटली.

माजींनीही द्रोण खाली ठेवला. उठून आत गेल्या.

मी खोटं का नाही बोललो? ताकानं फाडायची म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं. पण असुंताच्या हातांबद्दल खोटं तोंडातून निघेना. शहाणपणाचा दिवस नव्हता, एवढंच.

२२ जानेवारी

माजींनी अन्न सोडलं. सुनेनं खिडकीतून सांगितलं. सकाळी नेम घेतला, फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य बुडायच्या आत. मला वाटलं एका दिवसाचं प्रायश्चित्त असेल.

दुकानावर चहाला कोणी नाही. कढई घासून पालथी ठेवली.

२४ जानेवारी

तिसरा दिवस. तीन दिवसांच्या उपासाला त्यांच्यात तेला म्हणतात, तो झाला की सोडतील असं सगळे धरून होते. नाही सोडला. रोज सकाळी एकाच दिवसाचा नेम घेतात. म्हणजे शेवट कधी ते घरात कुणालाच ठाऊक नाही. मागच्या पावसाळ्यापासून दमा आहे. दोन जिने चढल्या तर बसावं लागतं.

मी लिंबाच्या साली पुरावा म्हणून एका फडक्यात बांधून घेऊन गेलो, बावळटासारखा. शिळ्या साली. शेठनं दारातूनच परतवलं.

२५ जानेवारी

मदनशेठ स्वतः माझ्या घरी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उभ्यानेच बोलला. रागानं नाही, रागाचं मी सोसलं असतं.

"मां काही खाऊन नाही राह्यली, भगवान. डॉक्टर म्हणतो, या वयात धोका हाय. तू एक काम कर. गुरुवारी सगळ्यांसमोर सांग, वासराचं मी गमतीनं बोललो. तिकडं बी लिंबूच असतं म्हणून. मां ऐकल, सोडल."

मी म्हणालो, त्यांच्या पोटात लिंबूच गेलं शेठ, देवाशपथ.

"ते मला माहीत हाय. पण तिकडं वासराचं टाकायचे, हे तिच्या कानात राह्यलं ना. ते काढ."

म्हातारा व्हायला लागलाय तोही. जाताना जिन्याचा कठडा धरून उतरला.

२७ जानेवारी

शांता म्हणते, बोलून टाका, त्या इटलीच्या बाईला कोण कळवायला जातंय? बरोबर आहे तिचं. कोणी कळवणार नाही. तेच तर.

२८ जानेवारी, गुरुवार

बोललो.

ओट्यावर उभा राहून. मागच्या गुरुवारची बहुतेक सगळी जमली होती, तमाशाला कोण चुकतो. म्हणालो, मी चेष्टा केली. वासराचं काही नसतं. त्या बाईच्या अंगणातच लिंबाचं झाड होतं, रोज तोडायची. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना बर्फाचं आधी मीच सांगितलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि माझी अब्रू ठेवली.

लोक म्हणाले, मंग ठीक हाय. एकदोघांनी चहा मागितला. इतकं सोपं होतं.

अंगणात लिंबाचं झाड! तिच्या अंगणात एक चेस्टनटचं झाड होतं आणि कोंबड्यांचं खुराडं. मी तिची एक गोष्ट जपून आणली होती, तिचे हात. तीही विकली. स्वतःची लाज वाटते.

२९ जानेवारी

खाल्लं नाही. सकाळी पुन्हा एका दिवसाचा नेम. आठवा दिवस. साध्वीजी दर्शन द्यायला घरी येऊन गेल्या. बायका मंगल गाणी म्हणताहेत. लोक आता माजींच्या पाया पडायला येऊ लागलेत, राजूरच्या गणपतीला यावं तसे. मदनशेठ दाराशी हात जोडून उभा, सगळ्यांना या म्हणतो, आणि चेहरा पांढराफटक.

३१ जानेवारी

बोलावणं आलं. दुपारी तीनला.

खाटेवर नाही, खाली चटईवर. हात नुसते कातड्याचे. सुनेला बाहेर जायला सांगितलं. आवाज अगदी बारीक, वाकून ऐकावं लागलं. जसं आठवतं तसं लिहितो.

मी आधीच सुरू केलं, माजी, लिंबूच होतं.

"लिंबू मीच चिरून दिल्तं ना. मला ठाऊक न्हाई का?"

मग उपास कशाला, मी विचारलं.

मग म्हणाल्या, "मास्तरनं विचारलं, तू सांगितलं. द्रोण माझ्या हातात होता. समद्यांनी टाकला. मी बी टाकला. पण टाकायच्या आधी एक घास घेतला. ऐकून, समजून घेतला. वासरू डोळ्यापुढं होतं आन जीभ म्हणली, घे. कुणी बघितलं न्हाई."

मी म्हणालो, एका घासाला दहा दिवस होतात का माजी, शेठकडं बघा जरा.

"दहा दिसांनी बी ती मागतीच हाय." जिभेबद्दल बोलत होत्या. "आज बी गुरुवार किती लांब हाय ते मोजून राह्यले. ते थांबलं की खाईन."

मी रडलो. त्या थांबल्या माझ्यासाठी. मग म्हणाल्या, "गुरुवारी ओट्यावर खोटं बोललास."

तुमच्यासाठी.

"माझ्यासाठी कशाला. त्या बाईचं नाव घेऊन खोटं? जिती हाय का ती?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. शांतानंही नाही. मी सांगितलं. लाकडं आणायला वर डोंगरावर गेलो होतो. खाली जर्मन लोकांच्या गाड्या आल्या. मी झाडाआड बसलो. तिच्या घरातून धूर निघाला, तिचा ओरडण्याचा आवाज एकदा आला. मी खाली गेलो नाही. दुसऱ्या बाजूनं उतरलो आणि चालत राहिलो. ती जिवंत आहे की नाही, माहीत नाही. माझ्यामुळे झालं एवढं माहीत आहे. कितीदा पत्र लिहायला बसलो, पण धाडलं नाही, उत्तर आलं तर काय करू म्हणून.

माजींनी ऐकून घेतलं. चूक म्हणाल्या नाहीत, बरोबरही नाही. फक्त, मीठ पडलंय का विचारावं तशा आवाजात:

"मंग तू काय सोडलंस?"

मी म्हणालो, मी तिचं जेवण लोकांना चाखवतो, तिचं नाव राहावं म्हणून.

"ते तर तू करून राह्यला. सोडलंस काय?"

सून पाणी घेऊन आली. मी उठलो.

१ फेब्रुवारी

अकरावा दिवस. सकाळी नेम घेतला, पण शब्द स्पष्ट आले नाहीत, असं सुनेनं सांगितलं. डॉक्टर येऊन गेला.

दिवसभर विचार करतोय. उपास धरू? ती त्यांची नक्कल होईल, आणि मला भूकही सोसत नाही, छावणीत कळलंच होतं ते. चव द्यायची बंद करू? ती आता आपोआपच बंद पडली, त्यात मी काय सोडलं. पत्र धाडू? ते सोडणं नाही, ते तर आधीच करायला हवं होतं. सगळं शोधून बघितलं. त्या घासासारखं माझ्याकडे काय आहे, जे मला हवंहवंसं आहे आणि जे मी... हेच. जगणं आवडतं मला. त्या दिवशी झाडाआड बसलो तेही त्यापायीच. हे त्यांना कसं सांगू.

आत्ता माजींची सून दारात येऊन गेली. माजी डोळे उघडून माझं नाव घेताहेत, म्हणे विचारताहेत, भगवाननं काही सांगितलं का. शेठ म्हणतो, काहीही सांग, पण जल्दी ये.

‘काहीही’ आता सांगता येणार नाही; झाडाआड का बसलो, तेवढंच सांगेन. टोपी घातली. निघतो.